बहात्तर दिवस आधी

वैजयंता चौगुलेच्या यंत्राने चार वर्षांत तीन युद्धं टाळली, आणि त्याबद्दल डिसेंबरच्या एका सकाळी तिची चौकशी झाली.

चौकशी हा शब्द अर्थातच कुणी वापरला नव्हता. पत्रात 'कामगिरीचा आढावा' असं म्हटलं होतं. टेबलावर खारे काजू होते, चहा होता, आणि समितीचे अध्यक्ष सुबोध कर्णिक हे अत्यंत सभ्य गृहस्थ होते. संख्याशास्त्रात हयात घालवलेला माणूस. त्यांनी चष्मा पुसला, समोरची फाईल उघडली आणि हळू आवाजात विचारलं, "चौगुले मॅडम, या तिन्ही कागदांवर सही तुमचीच आहे ना?"

"माझीच आहे."

"तिन्ही वेळा तुम्ही युद्धाचं भाकीत केलंत, आणि तिन्ही वेळा 'भाकीत खोटे ठरले' या चौकोनात खूण केलीत."

खूण तिनेच केली होती, आणि तीही हसत हसत, हातात कंदी पेढा धरून.

हे नीट सांगायला हवं. पुण्यात पाषाणच्या टेकडीखाली एक तीन मजली इमारत होती. बारा देशांनी मिळून तिथे एक केंद्र चालवलं होतं आणि वैजयंता त्याची संचालक होती. तिथलं यंत्र म्हणजे 'चाहूल'. युद्ध आभाळातून पडत नाही, त्याला तयारी लागते, आणि तयारी कितीही लपवली तरी कुठे ना कुठे दिसतेच, एवढ्या साध्या विचारावर ते उभं होतं. एखादा देश अचानक रक्ताच्या पिशव्या दुप्पट मागवतो. ट्रकचे टायर बाजारातून गायब होतात. सीमेवरच्या शाळांच्या परीक्षा महिनाभर अलीकडे येतात. जहाजांचा विमा महागतो. यातलं काहीच गुप्त नसतं, फक्त सगळं एकत्र बघायला कुणाला वेळ नसतो. चाहूलला तो होता.

पण वैजयंताचा खरा शोध कारकुनांचा होता. शेजारच्या दोन देशांतले साधे नोकर रोज एकमेकांशी बोलत असतात. एका बंदरावरचा कारकून पलीकडच्या बंदराला वाऱ्याचा वेग कळवतो आणि जाता जाता विचारतो, मुलीला नोकरी लागली का? युद्धाच्या कितीतरी आधी ही विचारपूस थांबते. मग नुसता आकडा जातो. मग आकडाही उशिरा जायला लागतो. वरून कुणीही हुकूम दिलेला नसतो, माणसं आपणहून सावध झालेली असतात. नेत्यांच्या भाषणांवरून काही कळत नाही, पण हे गप्प होणं चाहूलला अचूक मोजता यायचं.

यंत्राचा दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा होता. त्याला ते 'परतवाट' म्हणत. आज हे युद्ध थांबवायला कमीत कमी काय करावं लागेल, याचं गणित तो भाग रोज मांडायचा. सुरुवातीला एखादा फोन पुरतो. महिन्याभराने कुणाला तरी चारचौघांत माघार घ्यावी लागते. मग एक दिवस असा येतो, की त्यानंतर काहीही करून उपयोग नसतो, कारण दोन्हीकडचे नेते आपापल्या लोकांना इतकं काही बोलून बसलेले असतात की मागे फिरले तर खुर्ची जाते. त्या दिवसाला केंद्रात 'दार' म्हणत. दूध थरथरायला लागलं की गॅस बंद करायचा असतो, उतू गेल्यावर ओटा पुसायचा असतो. इतकं साधं आहे हे, पण जगातले समस्त मुत्सद्दी ओटा पुसण्यातच तरबेज!

तिन्ही वेळा चाहूलने तीस-चाळीस टक्क्यांवर असतानाच इशारा दिला. तिन्ही वेळा कुणीतरी नेता वेळेवर हलला आणि युद्ध झालं नाही. दर वेळी केंद्रात पेढे वाटले गेले. आणि मग, प्रयोगशाळेत वाढलेल्या प्रामाणिक माणसांप्रमाणे, भाकिताचा निकाल लिहायला सगळे बसले. नमुना क्रमांक नऊ. त्यात चौकोन दोनच, 'खरे ठरले' आणि 'खोटे ठरले'. युद्ध झालं नव्हतं. वैजयंताने खोट्यावर खूण केली. त्या क्षणी तिला त्या खुणेचा अभिमान वाटला होता. शास्त्रज्ञाने आपली चूक लपवू नये, हे तिने विद्यार्थ्यांना वीस वर्षं शिकवलं होतं.

"पण युद्धं आम्ही सांगितलं म्हणून टळली," ती कर्णिकांना म्हणाली.

"शक्य आहे. किंवा ती होणारच नव्हती. पुरावा?"

न झालेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? ती बोलत राहिली, आलेख दाखवत राहिली, आणि समितीतले सात जण माना डोलवत राहिले. दुपारी जेवणापूर्वी ठराव झाला. यापुढे पंच्याहत्तर टक्के खात्री झाल्याशिवाय चाहूलने कुठल्याही सरकारला इशारा द्यायचा नाही.

"पंच्याहत्तर टक्के होतात तेव्हा दार बंद झालेलं असतं हो!" वैजयंता उठून उभी राहिली. "एकदाही, एकदाही त्याआधी होत नाहीत!"

"पण भाकीत तर खरं ठरेल," कर्णिक म्हणाले. त्यांना खरोखरच तिचं भलं करायचं होतं, आणि तिला सर्वांत जास्त राग त्याचाच आला.

नऊ जानेवारीला चाहूलने केसार आणि बरूम या दोन देशांवर पिवळी खूण लावली. दोघांच्या मध्ये एक चिंचोळी सामुद्रधुनी होती आणि तिच्यातल्या एका वाळूच्या बेटावरून मासेमारीचं भांडण जुनंच होतं. गेल्या वर्षी याच दोघांबद्दल इशारा गेला होता, आणि आपले परराष्ट्रमंत्री यशोधन शिर्के स्वतः जाऊन भांडण मिटवून आले होते. आता बेटाजवळून जाणाऱ्या पाण्याच्या नळावरून पुन्हा पेटलं होतं. शक्यता अडतीस टक्के. परतवाटेच्या रकान्यात एकच ओळ होती : दोन्ही देशांना चालणाऱ्या त्रयस्थाचा एक फोन. दार बावीस फेब्रुवारीला बंद होणार होतं.

वैजयंताने ती ओळ वाचली आणि तिच्या डोळ्यांपुढे नकाशा आला नाही, धाकटा भाऊ आला. इंद्रजित केसारच्या धालिम बंदरात होता. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात पंप सांभाळायचा. कोल्हापूरच्या फाउंड्रीत हात काळे करून शिकलेला, आवाजावरून पंपाचं दुखणं ओळखणारा माणूस. त्याची बायको पद्मजा आणि दोन मुली कळंब्याजवळच्या बैठ्या घरात राहत.

नियमाप्रमाणे अडतीस टक्के हा आकडा इमारतीबाहेर जायला नको होता. वैजयंता दुसऱ्या दिवशी तो पर्समध्ये घालून दिल्लीला गेली.

शिर्केसाहेबांनी तिला बसवलं, मराठीत बोलायला मिळालं म्हणून खूष झाले, चहा मागवला. कागद त्यांनी नीट वाचला. माणूस मूर्ख नव्हता, हेच तर दुखणं होतं.

"गेल्या वर्षी मी गेलो," ते म्हणाले. "तीन दिवस दोघांच्या मध्ये बसलो. बेटाभोवतीच्या हद्दी आखून दिल्या. परत आलो तर इथे काय? मंत्री सरकारी खर्चाने खजूर खाऊन आले! व्यंगचित्रं आली, विधानसभेच्या प्रचारात गाणं झालं माझ्यावर. न झालेल्या युद्धाची मिरवणूक निघत नाही, मॅडम."

"मिरवणुकीसाठी करायचं असतं का हे?"

"नाही. पण खुर्चीवर राहावं लागतं ना काही करायला?" त्यांनी कागद घडी घालून परत दिला. "आणि आता तर नियम आहे. पंच्याहत्तर. मी आज अडतीसवर फोन केला आणि पुढे काहीच झालं नाही, तर मला विचारतील, नियम मोडून नाक कशाला खुपसलंत?"

"साहेब, काहीच होऊ नये, हेच हवंय ना आपल्याला?"

ते हसले. वाईट हसले नाहीत, थकलेले हसले. "पंच्याहत्तर होऊ द्या. त्याच दिवशी फोन करतो. शब्द देतो."

विमानतळावर जाताना तिने दुसरा नियम मोडला. इंद्रजितला फोन लावला.

"इंद्रा, रजा टाक आणि घरी ये. लगेच."

पलीकडे पंपांची घरघर होती. मग त्याचं हसणं. "आक्का, परत सुरू झालीस काय?"

"चेष्टा करू नकोस. मी सांगते ते ऐक."

"गेल्या खेपेला ऐकलं की! आलो पळत. झालं काय? कायसुदीक झालं नाही. दीड महिना घरात बसून पोहे खाल्ले. परत आलो तर माझ्या जागंवर दुसराच फोरमन. आता पुन्हा ती जागा मिळालीय, आणि तू म्हणतीस सोड."

"तेव्हा काही झालं नाही, कारण तेव्हा थांबवलं होतं!"

"कोण थांबवलं? हितं कुणाला ठाऊक नाही बघ. आगं, हे दोघं आमच्या कळंब्यातल्या भावकीगत हायत. आज शिव्या देत्यात, उद्या एकत्र चहा पित्यात. तू नको काळजी करू. जेवलीस का?"

जे कर्णिक बोलले, जे शिर्के बोलले, तेच तिचा सख्खा भाऊ बोलत होता, आणि तिच्यावर माया करत बोलत होता. तिने गयावया केली, रागावली, आईची शपथ घातली. त्याने उन्हाळ्यात येतो म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर वैजयंताने सरकारला नऊ पत्रं लिहिली. नऊही पत्रं 'मर्यादेखाली' असा शिक्का मारून परत आली. केंद्रातल्या मोठ्या पडद्यावर आकडा चढत होता, पंचेचाळीस, एकावन्न, साठ, आणि परतवाटेचा रकाना रोज लांबत होता. आता फोन पुरणार नव्हता, भेट हवी होती. मग भेट पुरेना, बरूमने बेटावरून तुकडी मागे घ्यायला हवी होती. धालिमचा हवामान कारकून पलीकडे आकडे कळवेनासा झाला. बावीस फेब्रुवारीला दुपारी तो रकाना कोरा झाला. वैजयंता दहा मिनिटं पडद्यासमोर उभी राहिली. मग खोलीत जाऊन तिने टेबलावरची पाण्याची बाटली भिंतीवर फेकून मारली. पन्नाशीच्या बाईने असं करू नये वगैरे तिला त्या क्षणी काही वाटलं नाही.

आठ मार्चला आकडा पंच्याहत्तर झाला आणि इशारा रीतसर दिल्लीला गेला. शिर्केसाहेबांनी शब्द पाळला. नऊ तारखेला सकाळी त्यांनी केसारच्या अध्यक्षांना फोन केला आणि तासभर विनवण्या केल्या. त्या बोलण्याची नोंद अभ्यासासाठी केंद्राकडे आली. वैजयंताने ती वाचली. केसारचे अध्यक्ष शेवटी म्हणाले होते, "शिर्के, आता मागे फिरलो तर माझेच लोक मला फाडून खातील. तू जानेवारीत का नाही रे फोन केलास? जानेवारीत मी कुणीतरी फोन करावा म्हणून वाट बघत होतो."

बावीस मार्चला युद्ध सुरू झालं. अकरा दिवस चाललं. एकतीस हजार माणसं मेली. विमानतळ पहिल्याच दिवशी बंद झाला होता. चौथ्या दिवशी धालिमच्या पाण्याच्या कारखान्यावर बॉम्ब पडला, तेव्हा इंद्रजित पंपघरात होता. त्याच्यासोबत सतरा जण गेले. घरी पेटी आली, आणि सोबतच्या अधिकाऱ्याने हळूच सांगितलं की ती उघडू नका. पद्मजाने तरी उघडायला लावली. मग ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

त्याच आठवड्यात कर्णिकांचा फोन आला. आधी त्यांनी शोक व्यक्त केला, तो खराच होता. मग घुटमळत म्हणाले, "मॅडम, ही वेळ नाही, पण तुम्हाला समाधान वाटेल म्हणून सांगतो. यावेळी भाकीत अचूक निघालं. तारीखसुद्धा. चाहूलच्या यशाचं प्रमाण शून्यावरून पंचवीस टक्क्यांवर गेलंय. समिती तुमच्या अभिनंदनाचा ठराव..."

तिने फोन बंद केला. एकतीस हजार मढ्यांवर पाय ठेवून ते यंत्र पास झालं होतं! आणखी चार अशी युद्धं झाली की पहिल्या वर्गात येईल.

तेराव्या दिवशी मंत्री सांत्वनाला आले. कोल्हापूर जिल्ह्यातले तिघे त्या कारखान्यात गेले होते, म्हणून तीन घरांचा दौरा होता. कळंब्याच्या गल्लीत गाड्या शिरल्या, मागून वाहिन्यांचे कॅमेरे. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या, भावकी बसली होती. शिर्केसाहेब चपला काढून आत आले, तसबिरीला हार घातला, पद्मजासमोर हात जोडले. वळले तर वैजयंता.

"मॅडम, तुम्ही? इथे?"

"माझा भाऊ होता."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पण कॅमेरे चालू होते, आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने शब्द आपोआप बाहेर पडले. "या दुःखात सरकार आपल्या पाठीशी आहे. आम्ही शेवटपर्यंत प्रयत्न केले. इशारा मिळाल्याबरोबर चोवीस तासांच्या आत मी स्वतः फोन केला."

"वन्सं," पद्मजा म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. "तुमच्या यंत्राला कधी कळालं होतं हे?"

सचिवाने पुढे होऊन काहीतरी खूण केली.

"नऊ जानेवारीला," वैजयंता म्हणाली. "बहात्तर दिवस आधी. तेव्हा एक फोन पुरला असता. मी कागद घेऊन साहेबांकडे गेले होते."

पद्मजाने मंत्र्यांकडे बघितलं. "फोन करायला किती वेळ लागतो ओ साहेब?"

सचिव म्हणाला, "साहेब, पुढच्या घरी उशीर होतोय." शिर्केसाहेब वळायला लागले.

"थांबा," वैजयंता म्हणाली.

तिचा आवाज थरथरत होता, आणि तिला तो आवरायचाही नव्हता. "साहेब, आज सकाळी चाहूलने आणखी एक खूण लावलीय. तूरिया आणि वेल्हान. शक्यता एकतीस टक्के. दार बंद व्हायला अजून एकोणपन्नास दिवस आहेत. परतवाटेच्या रकान्यात लिहिलंय, वेल्हानच्या पंतप्रधानांना एक फोन. तुमचा. त्या तुम्हाला ओळखतात, तुमचं ऐकतील."

"मॅडम!" ते एक पाऊल जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हे गोपनीय आहे. समोर कॅमेरे आहेत. याचे परिणाम माहीत आहेत ना तुम्हाला?"

"सात वर्षं कैद. वाचलाय मी कायदा. आणि कॅमेरे आहेत म्हणूनच बोलतेय. जानेवारीत बंद खोलीत बोलले होते, त्याचं काय झालं ते भिंतीवर लावलंय बघा, हार घालून."

"एकतीस टक्के म्हणजे होणार नाही याचीच शक्यता जास्त."

"हो ना! मग नाही झालं तर नाही झालं! तुमचं काय जाईल साहेब? लोक हसतील. गाणं करतील. करू देत की गाणं! माझा भाऊसुद्धा हसला होता मला."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फुटला. भावकीतला एक म्हातारा उठून उभा राहिला. मग आणखी चार जण. कुणी ओरडलं नाही, पुढे आलं नाही, फक्त फाटकापर्यंतची वाट माणसांनी भरून गेली. पद्मजा आत गेली, स्वयंपाकघरातली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली आणि मंत्र्यांसमोर ठेवली.

"बसा साहेब," ती म्हणाली. "करा फोन. आम्ही कुठं जात नाही."

शिर्केसाहेब बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत उभे होते. मग बसले. त्यांनी सचिवापुढे हात केला. सचिव "साहेब, नियमाप्रमाणे..." असं काहीतरी पुटपुटला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावून घेतला. पलीकडे घंटी वाजत होती ती पहिल्या सतरंजीपर्यंत ऐकू येत होती.

वैजयंता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पुढचं तिला स्पष्ट दिसत होतं. फोन लागला, बोलणं झालं, वेल्हानने दोन पावलं मागे घेतली, तर तिथे काहीही होणार नाही. मग तिच्यावर खटला उभा राहील. वकील विचारेल, कुठे आहे तुमचं युद्ध? तिला काही दाखवता येणार नाही. गुपित फोडून लोकांना उगाच घाबरवणारी बाई म्हणून ती तुरुंगात जाईल, आणि तूरियातल्या, वेल्हानमधल्या कुणा बहिणीला तिचं नावही कधी कळणार नाही.

पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं. वैजयंताने डोळे मिटले आणि आपल्याला पुरती सात वर्षं कैद व्हावी, अशी मनापासून प्रार्थना केली.